थोरलीची पाटी

त्या घराण्यात गेलेल्या माणसाला साक्षीदार लागत असे.

दर तीन वर्षांनी सगळी भावकी एका भाड्याच्या हॉलमध्ये जमायची. समोरच्या भिंतीला टेकवून प्लायवूडचा मोठा फळा उभा केला जायचा. फळ्यावर झाडाचं खोड आणि फांद्या रंगवलेल्या होत्या. फांद्यांवर खिळे होते आणि प्रत्येक खिळ्याला एकेका माणसाच्या नावाची लहान लाकडी पाटी टांगलेली होती. जिवंत माणसांच्या पाट्यांविषयी काही प्रश्न नसे. ती माणसं समोर खुर्च्यांवर बसून, पंख्याखालची जागा कोणी बळकावली यावर कुरकुरत असायची. पण गेलेल्या माणसाचं नाव वाचलं गेलं की कोणीतरी उठून उभं राहायचं, "मी पाहिलंय" म्हणायचं, आणि त्या माणसाबद्दल स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेली एक गोष्ट सांगायचं. मग ती पाटी पुढल्या मेळाव्यापर्यंत जागेवर राहायची. कोणीच उठलं नाही तर पाटी उतरायची आणि पत्र्याच्या पेटीत जायची. पेटी उघडली जायची ती फक्त नवी पाटी आत टाकायला.

नियम पणजोबांचा, पण तो राखला काकांनी. काका दुकानांचे बोर्ड रंगवून म्हातारे झाले होते. फळा त्यांनीच रंगवला होता, पाट्यांवरची अक्षरं त्यांचीच होती आणि नावंही तेच वाचायचे. "ऐकलेलं चालणार नाही," हे ते दर वेळी सुरुवातीलाच बजावायचे. "ऐकीव गोष्टी घ्यायला लागलो तर पुढच्या मेळाव्यापर्यंत आपल्या घराण्यात दोन राजे आणि एक सेनापती निघतील. आणि आपली लायकी आपल्याला ठाऊक आहे."

या वर्षी फळ्यावरच्या दादांच्या पाटीला पहिल्यांदाच साक्षीदार लागणार होता. दादा म्हणजे काकांचे मोठे भाऊ. ते हिवाळा संपता संपता गेले. त्यांची एकुलती एक मुलगी ग्रंथालयात काम करायची आणि घराण्यात तिला सगळे 'पासंग' म्हणायचे. तराजूची पारडी सारखी व्हावीत म्हणून एका बाजूला बांधतात तो लहानसा तुकडा म्हणजे पासंग. दादा वजनमापं तपासणारे निरीक्षक होते आणि ही लहानपणी सदा त्यांच्या एकाच बाजूला लोंबकळलेली असायची, म्हणून कोणीतरी हे नाव ठेवलं. आता तिच्या केसांत पांढरं दिसू लागलं होतं, तरी नाव चिकटलं ते चिकटलंच.

दादा गेल्यावर काकांनी तिला फोन केला. सांत्वनाचं दोन वाक्यांत आटपून ते म्हणाले, "फळा जुना झालाय. मी नवा करतोय. कोण कोणानंतर जन्मलं ते दादा तपासून द्यायचा. आता ते तू कर. आणि पासंग, वर्षं विचारत बसू नकोस कोणाला. आमच्यात कोणाला वर्ष आठवत नाही. घर विचार."

ते खरंच होतं. त्या घराण्यात काळ घरांनी मोजत. नदीकाठचं घर, मग छापखान्यावरचं घर, मग पाण्याच्या टाकीजवळचं. कोण कुठल्या घरात जन्मलं आणि कुठल्या घरात गेलं एवढं कळलं की माणूस आपोआप रांगेत बसायचा. बाबांच्या जाण्यानंतर घरात नुसतं बसून राहणं तिला जमत नव्हतं. तिने एकेकाला फोन लावायला सुरुवात केली.

"मी कुठल्या घरात जन्मले?" आत्या म्हणाली. "मी दवाखान्यात जन्मले बाई. तिथून टाकीजवळच्या घरात आले. लिही. आणि हेही लिही की तुझ्या बापाने माझ्या नवऱ्याच्या दुकानातला तराजू जप्त केला आणि तासाभराने आमच्याकडेच जेवायला बसला."

"आत्या, ते कुठे लिहू? फळ्यावर जागा नाही."

"जागा करा म्हणावं काकाला. वर तुझा बाप मलाच म्हणतो, भाजी छान झालीये."

पासंग हसली आणि तिने फोन ठेवला. बाबा तसेच होते. घरात साखर आणली तरी पुडा आधी हातावर तोलून पाहायचे. कोणी 'साधारण', 'जवळजवळ' म्हणालं की त्यांच्या कपाळावर आठी यायची. त्यांचा शब्द म्हणजे शिक्का मारलेलं वजन, असं घराण्यात सगळेच म्हणत. तिच्यापाशी त्यांचं उरलेलं असं तेवढंच होतं. बाकी कपडे, चष्मा, औषधं, सगळं ज्याला हवं त्याला देऊन झालं होतं.

आजीच्या माहेरचं कोणी फळ्यावर नव्हतं, त्यामुळे आजवर त्यांना कोणी काही विचारलं नव्हतं. पण आजीची सर्वांत धाकटी बहीण अजून होती, वृद्धाश्रमात. मावशीआजी. आजीच्या मुलांची रांग तिच्याइतकी पक्की कोणाला सांगता येणार, म्हणून पासंग एका दुपारी तिच्याकडे गेली.

वृद्धाश्रमाच्या लांब व्हरांड्यात मावशीआजी खुर्चीत बसली होती. गुडघ्यावर शाल होती. कान शाबूत होते आणि जीभही.

"तुमच्या त्या फळ्यावर मी नाही," ती म्हणाली. "मग माझ्याकडे कशाला आलीस?"

"तुम्हाला सगळं आठवतं म्हणून."

"आठवतं. त्याचाच ताप आहे. विचार."

पासंगने पहिल्यापासून सुरुवात केली. आजी-आजोबांचं पहिलं मूल, थोरली. ती पाच-सहा वर्षांची असतानाच तापाने गेली. तिच्या पाठची भावंडं तिचं वय ओलांडून म्हातारी झाली, तरी तिला 'थोरली' म्हणणं सुटलं नाही. आजी असेपर्यंत तिच्या पाटीसाठी आजी उभी राहायची. आजीनंतर बाबा. त्यांचं सांगणं दर वेळी शब्दशः तेच असे, आणि पासंगला ते पाठ होतं. तिने ते मावशीआजीला म्हणून दाखवलं. "थोरली खिडकीत बसून पाय हलवायची. एका पायात चप्पल असायची. दुसरी खाली रस्त्यावर पडलेली."

मावशीआजी शालीची कड बोटांनी चाळवत राहिली.

"कुठल्या खिडकीत?"

"घराच्या."

"कुठल्या घराच्या? थोरली नदीकाठच्या घरात जन्मली आणि तिथेच गेली. त्या घराला धड खिडकी नव्हती. वर हातभर झरोका होता, पुराच्या भीतीने तसा ठेवलेला. त्यात चिमणी बसेल, पोर कसं बसेल? खिडकी होती ती छापखान्यावरच्या घराला. थोरली गेल्यावर माझ्या बहिणीला त्या घरात राहवेना, म्हणून ते छापखान्यावर राहायला आले. तुझा बाप झाला तो तिथे. पुढल्या वर्षी."

"बाबा नंतर झाले?"

"नंतर म्हणजे काय, नंतरच. त्या खिडकीत तोच बसायचा. आणि चप्पल त्याचीच पडायची. छापखान्यातली माणसं वर आणून द्यायची, वैतागून. माझी बहीण त्याला तिथे बसवून थोरलीच्या गोष्टी सांगायची. सारखं तेच. मी म्हणायची, अगं त्या पोराला त्याचं स्वतःचं काहीतरी बघू दे."

पासंगने हातातल्या पेनाला टोपण लावलं. तिला वाटलं आपण चुकीचं ऐकतोय, पण मावशीआजी एकेक शब्द सुटा करून बोलत होती.

"थोरली कशी होती, सांगू?" मावशीआजी म्हणाली. "तुझ्या बापाने रंगवली तशी खिडकीत बसून पाय हलवणारी बाहुली नव्हती. महा चिडकी. चावायची. पाहुणा आला की आधी त्याला पाय लपवायला सांगावं लागायचं. आणि मला सोडून कोणाच्या कडेवर जायची नाही. मीच जेमतेम तिच्याहून मोठी. माझी कंबर मोडायची."

"तुम्ही मेळाव्याला याल? मी गाडी करते."

"मी त्या फळ्यावर आहे का?"

"नाही."

"ज्याची पाटी नाही त्याला उभं राहता येत नाही, हे माझ्या बहिणीने मला सांगितलंय. आणि आता कोणी म्हटलं तरी मला उभंच राहता येत नाही. जा तू."

परतताना बसमध्ये पासंग खिडकीशी बसली आणि तिने एकदाही बाहेर पाहिलं नाही. बाबा खोटं बोलले होते. एकदा नाही, आजी गेल्यापासून प्रत्येक मेळाव्यात. भर हॉलमध्ये, आपल्या भावंडांसमोर, ताठ उभं राहून. जो माणूस मेव्हण्याच्या तराजूतली चिमूटभर खोट सोडत नव्हता, तो. आता मेळाव्यात थोरलीचं नाव येईल तेव्हा कोणी उठणार नाही आणि पाटी उतरेल. मावशीआजीचं ऐकलेलं सांगितलं तर ते चालणार नाहीच, शिवाय बाबा उघडे पडतील, आणि तेही नेमके त्यांच्या स्वतःच्या पाटीचा पहिला मेळावा असताना. गप्प बसणं सोपं होतं. तिने काकांना रांग कळवली तेव्हा ती नुसतं "थोरली, मग बाबा, मग तुम्ही, मग आत्या" एवढंच म्हणाली. घरं सांगितली नाहीत. काकांनीही विचारली नाहीत. दादाच्या मुलीने तपासलंय म्हटल्यावर त्यांना पुढे विचारायचं कारण नव्हतं.

मेळाव्याच्या दिवशी नव्या फळ्याला ताज्या रंगाचा वास येत होता. पोरांना हात लावू नका म्हणून सांगितलं होतं आणि त्यामुळे सगळ्यांच्या बोटांना हिरवा रंग लागला होता. आत्याने पासंगसाठी शेजारची खुर्ची पर्स टाकून अडवून ठेवली होती. "खाल्लंस का काही?" तिने विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता तिच्या हातात चहाचा कप दिला.

काका फळ्याशी उभे राहिले. शेजारी स्टुलावर पक्कड आणि पत्र्याची पेटी होती. त्यांनी नेहमीचं राजा-सेनापतीचं सांगितलं, लोक नेहमीसारखे हसले, आणि वाचन सुरू झालं. दोन पाट्या लागोपाठ पेटीत गेल्या. पणजोबांच्या भावाची आणि त्याच्या बायकोची. त्यांना पाहिलेलं आता कोणी उरलं नव्हतं. पाटी उतरली की काका पकडीने तिचा खिळाही उपसायचे. रिकामा खिळा ठेवायचा नाही, हाही नियमच. मागे कोणाचं तरी बाळ रडलं आणि त्याला बाहेर नेलं.

आजोबांसाठी आत्या उभी राहिली. आजीचं नाव आलं.

"आईसाठी मी," काका म्हणाले. "मी पाहिलंय. बोर्ड रंगवून आलो की आई माझी नखं रॉकेलने पुसायची. लग्न झालं तरी पुसायची." मग पाटी सरळ करता करता ते जरा थांबले. "आईसाठी कायम मलाच उभं राहावं लागलं. दादा मोठा, पण तो कधी उठला नाही. मी एकदा विचारलंही. म्हणाला, तू आहेस ना."

"एकासाठी उठला की त्या दिवशी दुसऱ्या कोणासाठी उठायचा नाही तो," आत्या पुटपुटली. "आईसाठीसुद्धा नाही. मनात यायचं, याचं काळीज आहे की लोखंडाचं माप."

पासंग आत्याकडे वळली. तिने हातातला कप खाली ठेवला.

लहानपणी ती बाबांबरोबर तपासणीला जायची. दुकानातली वजनं ओळीने मांडलेली असत. त्यांतलं एखादं खोटं निघालं की बाबा ते उचलून वेगळं ठेवायचे आणि दुकानदार कितीही गयावया करो, त्या दिवशी त्या वजनाने काहीही तोलू द्यायचे नाहीत. "एकदा खोटं ठरलं ना, मग त्याने खरी वस्तूसुद्धा तोलायची नाही," असं ते म्हणायचे.

"थोरली," काकांनी वाचलं.

सगळ्यांची नजर नकळत त्या खुर्चीकडे गेली जिथे दादा बसत असत. तिथे आत्याचा जावई बसला होता; तो अवघडून पाय जवळ घेऊन बसला.

"अहो, पण खिडकी, चप्पल, ते सगळ्यांना तोंडपाठ आहे," तो म्हणाला. "आम्ही किती वेळा ऐकलंय. कोणीतरी उठून म्हटलं तर काय बिघडलं?"

"ऐकलंय," काका म्हणाले. "दादाने पाहिलं होतं. तो फरक आहे."

त्यांनी पासंगकडे पाहिलं नाही. त्यांना तिच्याकडे पाहायचं कारणही नव्हतं. थोड्या वेळाने त्यांनी थोरलीची पाटी उतरवली, फडक्याने पुसली आणि पेटीत ठेवली. खिळा नवा होता. तो लगेच निघाला.

पासंग बसून राहिली. यात खोटं काही नव्हतं, तिने थोरलीला पाहिलं नव्हतं. पण पेटीचं झाकण लागलं तेव्हा तिला आतून पोकळ वाटलं, दवाखान्याने बाबांचं घड्याळ हातात दिलं होतं तेव्हासारखं.

"दादा," काकांनी वाचलं. ते एक नाव त्यांनी फळ्याकडे तोंड करून वाचलं.

पासंग उठली. तिने तराजूची गोष्ट ठरवून आणली होती. आत्या चिडेल, लोक हसतील, बाबा सगळ्यांना माहीत होते तसेच राहतील.

"मी पाहिलंय," ती म्हणाली, आणि तराजूची गोष्ट तिच्या ओठांवर येईना. "मेळाव्याच्या दिवशी सकाळी बाबा दाढी करताना आरशात बघून थोरलीचं म्हणायचे. खिडकी, पाय, चप्पल. दर वेळी 'चप्पल'पाशी अडायचे आणि पुन्हा पहिल्यापासून. मला वाटायचं, त्यांना रडू येतंय. तसं नव्हतं. बाबांनी थोरलीला पाहिलं नव्हतं. ती नदीकाठच्या घरात गेली. बाबा छापखान्यावरच्या घरात जन्मले. ते खोटं बोलत होते."

काका फळ्याकडून तिच्याकडे वळले.

"आजीच्या बहिणीने थोरलीला पाहिलंय. ती सांगते, थोरली चिडकी होती, चावायची—"

"ऐकलेलं नको," काका म्हणाले. सवयीनेच म्हणाले. त्यांचा आवाज मात्र नेहमीचा नव्हता.

"नको. मग पाहिलेलं सांगते. तुम्हीही सगळ्यांनी पाहिलंय. थोरलीसाठी उठले की बाबा त्या दिवशी दुसऱ्या कोणासाठी उठायचे नाहीत. आजोबांसाठी नाही, स्वतःच्या आईसाठी नाही. जिला त्यांनी रोज पाहिलं होतं, तिच्यासाठीसुद्धा नाही. खोटं निघालेलं वजन ते असंच बाजूला ठेवायचे. त्या दिवसापुरतं त्यांनी स्वतःला बाजूला ठेवलेलं मी पाहिलंय. एवढंच."

ती बसली. आत्याने तिच्याकडे न बघता तिच्या मांडीवर हात ठेवला आणि तो काढला नाही.

काका दादांच्या पाटीला बोट लावून उभे होते. "म्हणजे माझ्यासमोर," ते म्हणाले. "इथे, माझ्यासमोर उभा राहून."

"हो, काका."

"आणि मी प्रत्येक वेळी पाटी परत लावत होतो."

"हो."

ते फळ्याकडे वळले. आता ते काय करणार हे कोणालाच सांगता आलं नसतं. दादांची पाटी त्यांनी जरा उचलली, खाली सोडली आणि ती सरळ आहे ना ते मागे सरून पाहिलं.

"दादाची पाटी राहील," ते म्हणाले. "साक्ष पाहिलेली आहे. थोरलीची पेटीत गेली ती गेली. त्यात बदल नाही."

"नाही," पासंग म्हणाली. "बदल मागत नाहीये मी."

"आणि पुढल्या वेळी दादाचं नाव वाचलं की तू हेच सांगणार?"

"दुसरं काही इतकं खरं नाही माझ्याकडे."

"म्हणजे त्याचं नाव निघालं की तिचं निघणारच." काकांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. "बाप तशी मुलगी. त्याने नियम मोडून मला कोपऱ्यात घेतलं, तू न मोडता घेतेस."

मग त्यांनी पुढची नावं वाचली. आवाज दोनदा बसला, पण वाचन त्यांनी दुसऱ्या कोणाला दिलं नाही. शेवटचं नाव झाल्यावर ते नेहमीप्रमाणे फळ्यावरची रिकामी भोकं बुजवायला लांबीचा, म्हणजे पुट्टीचा, डबा आणि पत्र्याची पात घेऊन बसले. लोक खुर्च्या फिरवून घोळके करू लागले.

"ती खरंच चावायची?" आत्याने हळूच विचारलं.

"तसं मावशीआजी म्हणतात."

"माझी मोठी बहीण चावायची, आणि हे मला म्हातारपणी कळतंय. काय काय म्हणाली ती? सांग ना."

पासंगने काकांच्या पाठीकडे पाहिलं. "ऐकलेलं आहे, आत्या."

"उभं राहून सांगायचं नाही," काका मागे न वळता म्हणाले. "बसून सांगायला कोणी अडवलंय?"

जावयाने खुर्ची जवळ ओढली. त्याच्या बायकोने मुलाला मांडीवर घेतलं. पासंग सांगू लागली. पुराच्या भीतीने झरोक्याएवढी खिडकी ठेवलेलं घर, पाय लपवून बसणारे पाहुणे, आणि जेमतेम मोठ्या मावशीच्या कडेवरून उतरायला तयार नसलेली पोर. आत्या मध्ये मध्ये विचारत होती आणि जे माहीत नव्हतं तिथे पासंग "माहीत नाही" म्हणत होती. काकांच्या पातीवरची लांबी सुकत आली होती, तरी ते शेवटच्या भोकापाशी तसेच बसून होते.

"पाहुणे कोण, ते नाही सांगितलं?" त्यांनी विचारलं.

"नाही काका. त्यांनाच विचारायला हवं."

"मग कधी जायचं," ते म्हणाले, "ते ठरव."